साडेपाच तासांचा फरक

मोडी पत्राचे अक्षर लागले तरी तारीख लागतेच असे नाही. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी 'छ' या खुणेपुढे चांद्रमासाचा दिवस येतो, मग अरबी महिन्याचे नाव. वर्ष कधी शकाचे, कधी सुहूर सनाचे, तेही अरबी शब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येतो. पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवावे लागतात. शिवाय पत्रावर दुसरी एक तारीख असू शकते, पैवस्तीची. लिहिणाऱ्याने घातलेली तारीख वेगळी आणि पत्र पोचल्यावर दफ्तरात चढवलेली वेगळी. या दोहोंची गल्लत झाली की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा प्रकार होतो. म्हणूनच आपल्याकडच्या संशोधकांनी आधी जंत्र्या तयार केल्या आणि मग इतिहास लिहिला.

आजचे आपले दफ्तर संगणकात आहे. तिथल्या प्रत्येक फाइलवर वेळेचा शिक्का असतो, आणि तो यंत्राने मारलेला असल्यामुळे आपण त्यावर निमूट विश्वास ठेवतो. परंतु एकच फाइल विंडोजच्या यंत्रावर दुपारी दोनची दिसते आणि लिनक्सच्या यंत्रावर संध्याकाळी साडेसातची. पेन ड्राइव्हवर नेली की एका सेकंदाने पुढे सरकते. अमेरिकेतल्या नातलगाने पाठवली की रात्रीची सकाळ होते. हा केवळ तांत्रिक खोडसाळपणा आहे असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. जुन्या नियमावल्या आणि फाइलव्यवस्थांची वर्णने वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की या प्रत्येक फरकामागे एखादा जुना निर्णय आहे. बहुतेक निर्णय १९७० ते १९९५ या पंचवीस वर्षांतले आहेत. हा लेख म्हणजे त्या निर्णयांची जंत्री लावण्याचा प्रयत्न.

एक पुसलेले लिप्यंतर

या विषयाकडे मी वळलो त्याला एक कारण घडले. मोडी कागदांची माझी लिप्यंतरे घरचा संगणक आणि प्रवासातला लॅपटॉप अशा दोन ठिकाणी असतात. दोन्हींकडच्या प्रती जुळवण्यासाठी मी एक साधा प्रोग्राम वापरत असे. त्याचा नियम सरळ होता: दोन्हीकडे फाइल असेल तर नवी ठेवायची, जुनीवर नवी लिहायची. घरच्या संगणकाची दुरुस्ती करणाऱ्या दुकानाने विंडोजशेजारी लिनक्सही बसवून दिले. लिनक्समध्ये उघडून मी दुपारी दोनला एक लिप्यंतर साठवले. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉपवर त्याच फाइलमध्ये बऱ्याच दुरुस्त्या केल्या. एक पुसट झालेले गावाचे नाव त्यात अखेर लागले होते. रात्री प्रती जुळवल्या आणि संध्याकाळच्या दुरुस्त्या नाहीशा झाल्या. प्रोग्रामने दुपारची प्रत 'नवी' ठरवून संध्याकाळच्या प्रतीवर लिहिली होती, कारण दुपारच्या फाइलवर शिक्का होता साडेसातचा.

कागदावरच्या टाचणांमुळे ते गावाचे नाव वाचले. पण प्रश्न राहिला. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याच्या हिशेबाने त्या वेळी साडेसातच वाजले होते. मग दोन आणि साडेसात यांच्यात साडेपाच तास आले कुठून?

पहिले घराणे: क्षण मोजणारे

न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली उभी केली. तिच्या नियमावलीची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत वेळेची व्याख्या अशी होती की १ जानेवारी १९७१ च्या प्रारंभापासून किती क्षण उलटले ते मोजायचे, आणि एक क्षण म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. अमेरिकेतल्या विजेची वारंवारता साठ असते. यंत्राच्या घड्याळाचे ठोके तिच्यावरच पडत, म्हणून हे एकक. ही मोजदाद ३२ बिटांत ठेवली होती. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४२९ कोटी. सेकंदाला साठ या वेगाने ती ८२८ दिवसांत संपते. ही मोजणी जेमतेम दोन-अडीच वर्षेच पुरणार, याची कबुली त्या नियमावलीतच 'दोष' या मथळ्याखाली दिलेली आहे. पुढे काही काळ आरंभाचे वर्ष सरकवून निभावले. मग एकक पूर्ण सेकंद केले आणि १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र, हा आरंभ कायम झाला.

या रचनेतली खरी कल्पना आरंभाच्या तारखेत नाही. ती अशी की फाइलवर घड्याळात किती वाजले ते लिहायचेच नाही. एका ठरलेल्या बिंदूपासून किती सेकंद गेले एवढेच लिहायचे. ही संख्या पुण्यात, लंडनमध्ये आणि न्यू जर्सीत एकाच वेळी एकच असते. ती माणसाला दाखवताना त्याच्या गावच्या वेळेत बदलून दाखवायची, पण ते दाखवणाऱ्याचे काम, साठवणाऱ्याचे नव्हे. जिथे वेळच नोंदली गेली नाही तिथे शून्य असते, आणि ते शून्य भारतातल्या पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असे दिसते. न्यू जर्सीत त्याच शून्याची तारीख ३१ डिसेंबर १९६९ होते. संध्याकाळचे सात वाजलेले असतात. शून्य एकच, वर्षे मात्र दोन.

दुसरे घराणे: तबकडी लिहिणारे

दुसरी परंपरा घरगुती संगणकाची. सिएटलमध्ये टिम पॅटर्सन यांनी १९८० साली एक छोटी कार्यप्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाजारात आली. त्या पीसीच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट मावत. प्रत्येक फाइलच्या नोंदीला ३२ बाइट मिळत, आणि त्यांतच नाव, आकार, जागा हे सारे कोंबायचे. पहिल्या आवृत्तीत फाइलवर फक्त तारीख होती. वेळ १९८२ च्या पुढच्या आवृत्तीत आली.

तारखेला सोळा बिट आणि वेळेला सोळा बिट. तारखेत सात बिट वर्षाला (१९८० पासून मोजलेले), चार महिन्याला, पाच दिवसाला. वेळेत पाच बिट तासाला, सहा मिनिटाला. उरले पाच. पाच बिटांत ३२ पर्यंतच मोजता येते आणि सेकंद तर साठ. म्हणून सेकंदांची जोडी मोजायची ठरली: ०, २, ४, ६. डॉसच्या या फाइलव्यवस्थेला फॅट म्हणतात, आणि तिच्यात विषम सेकंदाला कोणतीही फाइल शेवटची बदललेली असू शकत नाही. साध्या पेन ड्राइव्हवर आजही बहुधा हीच व्यवस्था असते. लॅपटॉपवर १० वाजून १५ मिनिटे ७ सेकंदांची फाइल तिथे जाताना सहा किंवा आठ सेकंदांची होते, ती एका बिटाच्या टंचाईमुळे. ही टंचाई आपल्यापैकी काहींच्या जन्माआधीची आहे.

याहून मोठी गोष्ट त्या ३२ बिटांत नसलेली आहे. कोणत्या गावची वेळ, हे सांगायला तिथे एकही बिट नाही. डॉसने क्षण मोजला नाही. समोरच्या घड्याळाची तबकडी जशीच्या तशी उतरवून घेतली. एका टेबलावरच्या एका यंत्रापुरते ते पुरेसे होते. पहिल्या पीसीत तर बंद झाल्यावरही चालणारे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू करताना ते तारीख आणि वेळ विचारी, आणि कंटाळून नुसतेच बटण दाबणाऱ्याच्या साऱ्या फाइली १ जानेवारी १९८० च्या होत. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप आली. तिच्यात सेकंद, मिनिट, तास, वार, दिवस, महिना, वर्ष यांना घरे होती. ही वेळ स्थानिक की ग्रिनिचची, हे लिहायला मात्र नव्हते.

साडेपाच तासांचे कोडे इथे सुटते. विंडोजने डॉसचा वारसा पुढे चालवला आणि त्या चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवली. लिनक्सने युनिक्सचा वारसा चालवला आणि तिच्यात ग्रिनिचची, म्हणजे आजच्या भाषेत यूटीसी, वेळ आहे असे गृहीत धरले. विंडोजने चिपमध्ये दुपारचे दोन लिहिले. लिनक्सने ते ग्रिनिचचे दोन समजून भारतासाठी साडेपाच तास मिळवले आणि साडेसात वाजवले. उलट लिनक्सने चिप लिहिली तर विंडोज साडेपाच तास मागे पडते. इंटरनेट असले की यंत्र बाहेरच्या वेळसेवेला विचारून स्वतःला सुधारून घेते. माझ्याकडे त्या दुपारी इंटरनेट बंद होते. दुकानदाराने दोन घराण्यांचा संसार एका छताखाली मांडून दिला, पण एकच घड्याळ दोघे दोन रीतींनी वाचतात हे कोणी सांगितले नाही. उपाय सोपा आहे. लिनक्सला 'चिपमध्ये स्थानिक वेळ आहे' असे सांगता येते, किंवा विंडोजच्या नोंदवहीत एक नोंद घालून त्याला यूटीसी मानायला लावता येते. दोघांपैकी एकालाच बदलायचे. दोघांनाही बदलले तर भांडण पुन्हा तिथेच.

१६०१ आणि १९०४

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने आपल्या एनटीएफएस या नव्या फाइलव्यवस्थेत डॉसची रीत सोडली. तिथे ६४ बिटांत १ जानेवारी १६०१ पासून उलटलेले काळाचे तुकडे मोजतात आणि एक तुकडा सेकंदाचा कोटीवा भाग असतो. गणना यूटीसीची. १६०१ का? ग्रेगोरियन पंचांगाचे चक्र चारशे वर्षांचे असते आणि १६०१ हे अशा एका चक्राचे पहिले वर्ष आहे. त्यामुळे लीप वर्षांचा हिशेब सुटसुटीत होतो.

ही तारीख पाहून मराठी वाचकाला एक योगायोग चटकन सुचेल. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची, म्हणजे विंडोजचा काळ कंपनीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो! पण हाही वेळ न जुळण्याचाच एक नमुना आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालत होते आणि ते १७५२ पर्यंत चालले. सनदेची तारीख ग्रेगोरियन पंचांगात १० जानेवारी १६०१ पडते. विंडोजचा आरंभ ग्रेगोरियन आहे. म्हणजे सनद त्या आरंभाच्या नऊ दिवस नंतरची. दोन तारखा शेजारी ठेवण्यापूर्वी त्या एकाच पंचांगातल्या आहेत का, हे विचारावे लागते, हा धडा संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

ॲपलच्या मॅकिंटॉशने आपला आरंभ १ जानेवारी १९०४ ला ठेवला होता. त्याच्या जुन्या फाइलव्यवस्थेत वेळ स्थानिक असे. १९९८ च्या सुधारित व्यवस्थेने ती ग्रिनिचवर आणली. मोजणी तेव्हाही पूर्ण सेकंदांचीच राहिली. आज मॅक, विंडोज आणि लिनक्स ही तिन्ही आपल्या मुख्य तबकडीवर क्षणच मोजतात. मग भांडण उरते का? उरते, कारण त्यांच्यामध्ये ये-जा करणारे वाहन जुनेच आहे. पेन ड्राइव्हवर फॅट. १९८९ पासून चालत आलेल्या झिप पुडक्यात मूळ रकाना डॉसच्या वेळेचा, म्हणजे दोन-दोन सेकंदांचा आणि गावाचे नाव नसलेला. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्री नऊला बदललेली फाइल साध्या झिपमधून पुण्यात आली की ती पुण्याच्याही रात्री नऊचीच दिसते. वास्तविक त्या क्षणी पुण्यात दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. काही झिप प्रोग्राम जोडीला यूटीसी वेळही लिहितात. पण उघडणाऱ्याने ती वाचली पाहिजे.

मुंबईची वेळ

तबकडी आणि क्षण यांचे हे भांडण आपल्याला अपरिचित नाही. मुंबई शहर ते रस्त्यावर भांडले आहे. रेल्वे आणि तारायंत्र मद्रासच्या वेळेवर चालत, मुंबईकर आपल्या सूर्यावर. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर होते. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतही मद्रास वेळ लागू करण्याचा हुकूम काढला. त्याला विरोध झाला आणि तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. नवी वेळ तिच्याही ३९ मिनिटे पुढे. गिरण्यांतल्या कामगारांनी त्या जानेवारीतच विरोध केला, कारण ३९ मिनिटे आधी भोंगा म्हणजे ३९ मिनिटे आधी उठणे. मुंबई महापालिकेने तर त्यानंतर अनेक दशके मुंबई वेळ सोडली नाही. शहरात दोन घड्याळे चालत, आणि भेटीची वेळ ठरवताना कोणते घड्याळ हे विचारावे लागे.

त्या काळातल्या रोजनिशीत नुसते 'सकाळी दहा' लिहिलेले असेल तर संशोधकाची अडचण नेमकी पेन ड्राइव्हसारखीच असते. तबकडी कळते, क्षण कळत नाही. ३९ मिनिटांचा संशय राहतोच.

संगणकांनी जगभरच्या अशा बदलांची एक जंत्री बनवली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली. जगातले बहुतेक फोन आणि सर्व्हर गावची वेळ काढताना तिचाच आधार घेतात. तिच्यात भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारताची घड्याळे एक तास पुढे होती, हेही तिच्यात आहे. मुंबईची स्वतंत्र नोंद मात्र नाही. कारण तिचा नियम असा की १९७० नंतर ज्या भागांची घड्याळे सारखी चालली त्यांना एकच नोंद. १९७० च्या आधी मुंबई आणि कोलकाता वेगळी होती याच्याशी फाइलींना कर्तव्य नाही, इतिहासाला आहे. १९२० च्या मुंबईतली एखादी वेळ आज संगणकाकडून ग्रिनिचमध्ये बदलून घेतली तर तो मुंबईला कोलकात्याच्या नियमाने मोजील आणि त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

आणखी एक बारकावा. २००६ साली फॅटचा वारसदार म्हणून एक्सफॅट आली. मोठ्या क्षमतेच्या कॅमेरा-कार्डांवर तीच असते. तिच्यात तबकडीच्या वेळेशेजारी यूटीसीपासूनचे अंतर लिहायला अखेर जागा मिळाली. ते अंतर पंधरा मिनिटांच्या पटीत लिहायचे. भारताचे साडेपाच तास त्यात बसतात, नेपाळचे पावणेसहा बसतात. मुंबईचे ४ तास ५१ मिनिटे बसत नाहीत.

फरकाचे निदान

जुन्या पोथीतल्या चुका वाचून नक्कलकाराची सवय ओळखता येते. तसाच फाइलींच्या वेळांतला फरक बोलका असतो. दोन प्रतींच्या वेळा न जुळल्यास मी आधी फरकाचा आकडा काढतो.

फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर मधे कुठेतरी फॅट आली आहे. सेकंदाच्या अपूर्णांकाचा असेल तर एक व्यवस्था बारीक मोजते आणि दुसरी जाडी. लिनक्सची जुनी एक्स्ट-३ पूर्ण सेकंद ठेवी, नवी एक्स्ट-४ अब्जांश सेकंद ठेवते. फरक साडेपाच तासांचा असेल तर कोणीतरी ग्रिनिचची वेळ भारताची समजले आहे किंवा भारताची ग्रिनिचची. साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा असेल तर फाइल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आली, साडेबारा किंवा साडेतेराचा असेल तर पश्चिम किनाऱ्यावरून; दोन-दोन आकडे उन्हाळी आणि हिवाळी वेळेमुळे. बरोबर एक तासाचा असेल तर तिकडे घड्याळे बदलली. फॅटवरची वेळ वाचताना विंडोज त्या दिवशी लागू असलेले अंतर धरते, फाइल बदलली त्या दिवशीचे नव्हे. त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडच्या लोकांची पेन ड्राइव्हवरची सारी प्रत रातोरात एक तासाने हलते आणि प्रती जुळवणारा प्रोग्राम सगळे पुन्हा उतरवू लागतो. भारतात आज ही वेळ येत नाही.

फरक वाकडातिकडा, काही सेकंद-मिनिटांचा असेल तर ती घड्याळाची साधी चूक. क्वार्ट्झचे स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकले तरी रोज पावणेदोन सेकंदांची भर पडते. आणि तारीख १९७०, १९८० किंवा १६०१ च्या पहिल्या दिवसाची असेल तर ती तारीखच नव्हे, ते शून्य आहे. बॅटरी संपली होती किंवा वेळ लिहिलीच गेली नाही.

एक चमत्कारिक प्रकार वेगळा सांगितला पाहिजे. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की 'बदलली' ही वेळ मूळ फाइलची राहते आणि 'बनवली' ही वेळ नक्कल केल्याची होते. म्हणजे फाइल जन्मण्यापूर्वीच तिच्यात बदल झालेला दिसतो. हे चूक नाही. मूळ रचनेची तारीख आणि नकलेची तारीख अशा दोन्ही तारखा आपल्या पोथ्यांच्या पुष्पिकेतही सापडतात. युनिक्समध्ये 'सीटाइम' नावाची तिसरी वेळ असते. ती निर्मितीची आहे असे अनेक जण समजतात. वास्तविक ती फाइलच्या नोंदीत शेवटचा फेरफार झाल्याची वेळ आहे. नाव, मालकी, परवानगी बदलली तरी ती बदलते. पैवस्तीच्या शेऱ्याशी तिचे नाते जवळचे.

निदान झाल्यावर औषध अवघड नसते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला आरसिंक हा प्रती जुळवणारा प्रोग्राम एरवी आकार आणि वेळ सारखी असेल तर फाइल तशीच सोडतो. त्याला 'एका सेकंदाचा फरक माफ कर' असे सांगता येते, आणि शंका असेल तर 'वेळ सोड, मजकूर ताडून पाहा' असेही. विंडोजच्या रोबोकॉपीत दोन सेकंद माफ करण्याची आणि उन्हाळी वेळेचा एक तास माफ करण्याची अशा दोन वेगळ्या सूचना आहेत. या सूचनांच्या यादीतच सगळा इतिहास साचला आहे.

नवे कोणते?

मात्र माझ्या लिप्यंतराचे जे झाले ते सेकंद माफ करून टळले नसते. तिथे वेळेला साक्षीदाराऐवजी न्यायाधीश केले गेले होते. ही प्रथाही जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हा प्रोग्राम लिहिला. मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नवी असेल तरच काम पुन्हा करायचे, हा त्याचा नियम. एका यंत्रावर, एका घड्याळावर तो निर्दोष होता. १९८० च्या दशकात एका यंत्राची तबकडी जाळ्यातून दुसऱ्या यंत्राला वापरता येऊ लागली आणि 'नवी' कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न आला.

त्याचे उत्तर त्याआधीच दिले गेले होते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या एका निबंधात दाखवले की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे घड्याळावरून ठरवण्याची गरज नाही, आणि पुष्कळदा ते ठरवताही येत नाही. एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोचली असेल तर पहिली आधीची. खबर पोचलीच नसेल तर त्या दोघी समांतर, आणि त्यांना नवी-जुनी म्हणणे व्यर्थ. इतिहासकार हेच करतो. तारीख नसलेली दोन पत्रे आली आणि एकात दुसऱ्याचा उल्लेख असला की क्रम लागतो. उल्लेख नसेल तर तो क्रम सक्तीने लावत नाही.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठात तयार झालेला युनिसन हा प्रोग्राम याच वाटेने जातो. मागच्या वेळी दोन्ही प्रती जुळल्या तेव्हा काय होते, हे तो स्वतःच्या वहीत ठेवतो. त्यानंतर एकीकडेच बदल असेल तर तो दुसरीकडे नेतो. दोन्हीकडे बदल असेल तर कोणाचेही घड्याळ न पाहता थांबतो आणि माणसाला विचारतो. माझी दुपारची आणि संध्याकाळची प्रत त्याच्यापुढे आली असती तर त्याने दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या असत्या. आता माझी लिप्यंतरे त्याच्याच हवाली आहेत. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिटने क्रम ठरवण्याचे काम वेळेकडून काढून घेतले आहे. प्रत्येक आवृत्ती आपल्या आधीच्या आवृत्तीचे नाव सांगते. वेळही लिहिली जाते, पण केवळ माहिती म्हणून, आणि ती पुरी लिहिली जाते: १९७० पासूनचे सेकंद आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या गावचे अंतर, भारतात +०५३०. क्षणही आणि तबकडीही.

दोन घराण्यांचा वाद माझ्या मते इथेच मिटतो. नुसता क्षण लिहिला तर लिहिणाऱ्याची सकाळ होती की रात्र हे हरवते. नुसती तबकडी लिहिली तर क्रम हरवतो. कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतही २०१६ पर्यंत नुसती तबकडी लिहिण्याचीच प्रमाण पद्धत होती. त्या वर्षीच्या सुधारणेने अंतराचे घर जोडले. त्याआधीची परदेशवारीची छायाचित्रे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी कॅमेऱ्याचे घड्याळ तेव्हा भारताचे होते की तिथले, हे आठवत असेपर्यंत लिहून ठेवावे. पुढे ते कोणालाही सांगता येणार नाही.

युनिक्सचे ३२ बिटांतले सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात. भारतात तेव्हा मंगळवारची सकाळ असेल, आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे सात सेकंद. मोठ्या यंत्रांनी ६४ बिटांचा आकडा घेतला आहे. कपाटात, भिंतीत, गिरणीत बसवलेली छोटी यंत्रे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या पुढच्या सेकंदाच्या फाइली १९०१ च्या डिसेंबरातल्या दिसतील. एखाद्या संशोधकाने तेव्हा अशी फाइल उघडली तर त्याने तारखेवर हसू नये. तिच्यातून किती वजा करायचे, हे आधी पाहावे.